अडीच किलोची पिशवी

मी पिशवी हिसडा देऊन ओढली आणि खुर्चीतच मागे कलंडले. अडीच किलो वाळू ओढायची म्हणून काठीच्या वाकड्या मुठीत तिचा बंद अडकवून सगळा जोर लावला होता. पिशवी खाटेखालून उडत आली आणि मांडीवर पडली. मांडीला कळलंसुद्धा नाही.

मी ती दोन्ही हातांत धरली. मग एका हातात. मग दोन बोटांत. छातीत धस्स झालं.

पाच महिने ही पिशवी मी पायाला बांधत होते, पण भरल्यापासून हातात आज पहिल्यांदा आली. कारण माझं पोट. सुरुवातीला चौऱ्याण्णव किलो भरलेल्या बाईला खुर्चीत बसून स्वतःच्या घोट्यापर्यंत वाकता येत नाही. बांधायचं काम आमच्या ह्यांचं, नजीरचं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते खाली बसायचे, पिशवी बांधायचे आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. आज ते कांदा-बटाटा आणायला पुण्याच्या मार्केट यार्डात गेले होते. म्हटलं, खाडा कशाला? पिशवी काढून ठेवू, शेजारची अंबूबाई बांधून देईल.

एवढं हादरायला काय झालं, असं कुणी म्हणेल. तर ऐका. डावा पाय पोलिओनं मी दोन वर्षांची असतानाच गेला. पुढची चाळीस वर्षं सगळा भार उजव्यानं ओढला. शिलाई मशीनही त्यानंच चालवली. बसून शिवायचं, बसून खायचं. अंग सुटत गेलं आणि एक दिवस उजव्या गुडघ्यानंही बोंब ठोकली. सारखा ठणका. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मांडीत ताकद आणा, वजन उतरवा, नाहीतर हाही पाय जाईल." व्यायाम घरच्या घरी करायचा. घोट्याला वाळूची पिशवी बांधून खुर्चीत बसायचं, पाय सरळ उचलायचा आणि दहा आकडे धरून ठेवायचा. सुरुवात अर्ध्या किलोनं, दर महिन्याला अर्धा किलो वाढवायचा.

पण मी हे करत होते ते फिजासाठी. फिजा माझी एकुलती एक, वरवे गावात दिलेली. तिच्या लग्नाच्या दिवशी हॉलवर जायच्या टेम्पोत मला चढता येईना. चौघांनी उचलून चढवलं, आणि एक पाहुणा म्हणाला, "नजीरभाई, पोतं किती किलोचं?" सगळे हसले. फिजानं मान खाली घातली. त्या दिवशी मी ठरवलं, लेकीच्या घरी जाईन ती एसटीच्या पायऱ्या स्वतःच्या पायानं चढून. नाहीतर जाणार नाही. दोन वर्षं झाली, लेकीची चूल मी पाहिलेली नाही.

आणि येत्या रविवारी जायचं ठरलं होतं. अडीच किलो उचलणाऱ्या पायाला एसटीची पायरी ती काय!

मी हाक मारल्यावर अंबूबाई आली. तिनं पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "अगं जाहिदा, ही तर माज्या लाटण्यापरीस हलकी हाय."

पुढच्या खोलीतच दुकान. काठी टेकत काट्यापाशी गेले, पिशवी पारड्यात टाकली. अर्धा किलो. वर एक छटाकही नाही.

मग मी शिवण पाहिली. पिशवी मी शिवलेली, जुन्या गादीच्या कापडाची, बारीक टाक्यांची. हिचं तोंड कुणीतरी उसवून पुन्हा शिवलं होतं, बोटबोट लांब टाक्यांनी, गोणपाट शिवायच्या दाभणानं. मी कात्री घातली. आत मूठभर वाळू आणि बाकी सगळा लाकडाचा भुसा.

भोरच्या बाजारात कुणालाही विचारा, नजीरच्या दुकानात मापात पाप नाही. उलट झुकतं माप. वरून दोन कांदे टाकल्याशिवाय गिऱ्हाईक सोडत नाहीत. आणि त्याच माणसानं बायकोला भुसा बांधला! मला राग येईना, रडू येईना. भुशाकडे बघत नुसती बसून राहिले.

दुपारी ते आले. गोण्या उतरवून आत आले आणि फाटलेली पिशवी दिसताच दारातच थांबले.

"हे काय हाय?" मी विचारलं.

ते खाली बसले. "दुसऱ्या महिन्यात एक किलो बांदला व्हता. तू तीनलाच पाय टाकलास आन् रडलीस. म्हनलीस, बास, मला न्हाई जमायचं. म्या वाळू काढली. दुसऱ्या दिशी तू धा मोजंपतुर पाय धरलास, हसलीस. मंग परत वाळू घालायचा धीर न्हाई झाला."

"आन् दर महिन्याला पिशवी फुगवत गेला."

"व्हय."

माझीच मला लाज वाटली. 'दीड किलो' म्हटल्यावर "आज जड लागतंय हो" असं म्हणणारी मीच. 'दोन किलो' झाले म्हणून जिलेबी मागवणारीही मीच.

"रविवारी मी एसटीच्या दारात अडकले असते," मी म्हणाले. "गाडीभर लोकांम्होरं परत चौघांनी उचललं असतं. ह्यो इचार केला व्हता का?"

त्यांचा चेहरा उतरला. केला नव्हता.

मग मला दुसरंच काही सुचलं. दर शुक्रवारी बटाट्याच्या मोठ्या काट्यावर, आकडा बघवत नसे म्हणून, मी पाठमोरी उभी राहायची आणि ते आकडा वाचायचे. गेल्या शुक्रवारी शहाऐंशी होता.

"आन् माजं वजन?"

मी काठी उचलली, काट्यावर चढले, ह्या वेळी आकड्याकडे तोंड करून. नव्वद. आठ किलो उतरले म्हणून मी गल्लीभर सांगत सुटले होते, त्यातले चार त्यांनी पदरचे घातले होते.

आता मात्र मी रडले. भाकरी मोजून खाल्ली होती मी, ईदचा शीरखुर्मा दोन चमचे चाखून वाटी सरकवली होती. खोट्या चारांनी माझे खरे चारही खोटे करून टाकले होते. "माजी कीव करायला मी तुमाला कदी सांगितलं व्हतं?" मी ओरडले.

डोळे पुसले आणि म्हटलं, "फिजाला फोन करा. आई ह्या रविवारी येत न्हाई म्हनावं. येनार हाय, पन अजून येळ लागंल. आन् जाऊन वाळू आना."

ते फोन करून वाळू घेऊन आले. माझ्या समोर वाळू तोलली. सवयीनं वर आणखी चिमूट टाकायला त्यांचा हात गेला.

"झुकतं नको," मी म्हटलं. "बरोबर एक किलो."

पिशवीचं तोंड मी स्वतः शिवलं. त्यांनी ती घोट्याला बांधली. मी पाय उचलला. गुडघ्यात सुरी फिरवल्यासारखी कळ आली. ते मोजू लागले. एक. दोन. तीन. चौथ्याला मांडी कापायला लागली. पाच. सहा. आणि पाय धप्पकन खाली पडला.

मला वाटलं, ते आता पुढचा आकडा घेतील. पाच महिन्यांची सवय. ते पायाकडे बघत राहिले.

"सहा," ते म्हणाले. "सहाच झाले, जाहिदा."