न्यायला येणारे

आमच्या चित्रमालिकेचं नाव ‘देव, दानव आणि इतर’. त्यातल्या इतरांनी माझा जीव खाल्ला. जगातल्या सगळ्या धर्मांतली भुतं, पऱ्या, राक्षस, देवदूत शेजारी शेजारी बसवायचे आणि कोण कोणासारखं दिसतं ते सांगायचं, असा हा उद्योग. संहिता माझ्या नणंदेची. ती हाच विषय कॉलेजात शिकवते, त्यामुळे एक शब्द बदलायचा म्हटलं तरी तासभर फोन. रेकॉर्डिंग करून घेणारी मी. आणि सगळ्यांचे आवाज काढणारे एकटे काका.

काका म्हणजे बारीक चणीचा, बाराही महिने स्वेटर घालणारा माणूस. पण माइकसमोर तोंड उघडलं की ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसते. आजवर इतके असुर आणि सैतान केलेत की स्टुडिओत सगळे त्यांना राक्षसकाकाच म्हणतात.

त्या दुपारी मृत्यूच्या दूतांचा भाग होता. काकू कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी आता हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. मी काकांना आधीच सांगितलं, हा भाग दुसऱ्या कुणाकडून करून घेते, तुम्ही घरी थांबा. तर म्हणे, “नाही, हा मीच करणार.” म्हटलं, करा बापडे.

पहिला यम. ‘तुझे श्वास संपले. चल.’ असा काही आवाज लावला की माझ्या शेजारच्या रेकॉर्डिस्टचा चहा हिंदकळला. मी काचेअलीकडून “ओके” म्हटलं. काका हेडफोनवर हात दाबून उभे. मग म्हणतात,

“हा नको. रेडा फार उंच पडतो.”

“काय?”

“चढायला.”

“अहो, रेडा चित्रात आहे! तुम्हाला कुठे चढायचंय?”

बरं, पुढे गेलो. इजिप्तचा कोल्हेतोंड्या. हा मेलेल्याचं काळीज तराजूत टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात पीस ठेवतो. ‘वजन होऊ दे. मग चल.’ उत्तम झालं. मी ओके म्हणायच्या आत काका म्हणाले, “तराजू काढता येईल का? जन्म दुकानात तराजूपुढेच गेला.”

“कुणाचा जन्म? कोल्ह्याचा?”

मग ग्रीकांचा नावाडी. ‘नाणं दे. बस नावेत. चल.’

“पैसे मागायचं वाक्य गाळू या. अशा वेळी कुणी पैसे मागतं का?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी बटण दाबून ओरडलेच. “काका, या हजारो वर्षांच्या कथा आहेत! कुणाचा रेडा काढा, कुणाचा तराजू काढा, मग राहिलं काय? आणि नणंदेला तोंड कोण देणार, तुम्ही?”

“चुकलं,” असं म्हणून त्यांनी मुकाट्याने पुढचं पान उलटलं. मृत्यूचा फरिश्ता. हा त्यांनी इतका हळुवार केला की मीही वरमले. तेवढ्यात स्पीकरमध्ये टिर्र टिर्र टिर्र. चालू मोबाइल माइकजवळ असला की येते ती खरखर! सबंध टेकचा बट्ट्याबोळ.

मी ताडकन उठले आणि आत घुसले. “आत फोन आणायचा नाही, हे दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते काय शोभेला?”

काकांनी हेडफोन काढला. त्याच्याखाली एका कानात छोटा इयरफोन, त्याची वायर स्वेटरच्या आत गेलेली.

“ती ऐकतेय,” ते म्हणाले.

“कोण ती?”

“ही. रोज मला विचारते, मला न्यायला कोण येणार? मी काय सांगू? म्हटलं, उद्या सगळे माझ्याकडेच येणार आहेत. ऐक आणि तूच ठरव.”

मला रडू आलं, आणि आलं म्हणून आणखीच राग आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही काय माणसं नाही? काकांनी वायर उपटून फोनचा स्पीकर लावला, तसा फोनमधून काकूंचा आवाज बाहेर आला. खोल गेलेला, पण ठसका तोच.

“ताई, त्यांना रागावू नका हो. माझाच हट्ट.”

“रागावत नाही, काकू. मग ठरलं का कुणाचं?”

“कसलं ठरतंय! एकाचा रेडा, एकाचा तराजू, एकाला पैसे हवेत. तो फरिश्ता तेवढा चांगल्या घरचा वाटतो. पण ओळख ना पाळख, त्याचा हात धरून कसं जायचं?” मग म्हणाल्या, “जायचं ते कळतंय मला. अनोळखी माणसाबरोबर जायची भीती वाटते.”

रेकॉर्डिस्टने उगाचच यंत्राकडे मान वळवली. संहितेत शेवटचं वाक्य राहिलं होतं. नणंदेने लिहिलं होतं, ‘नावं निराळी, वाहनं निराळी, पण सगळे म्हणतात ते एकच. चल.’ खाली लाल अक्षरांत सूचना, की हा ‘चल’ घनगंभीर हवा, घुमणारा.

“खड्ड्यात गेली सूचना,” मी म्हटलं. “काका, तुम्ही घरी कसं म्हणता तसं म्हणा.”

मी बाहेर आले. रेकॉर्डिस्टने हिरवा दिवा दिला. काकांनी फोन समोरच्या स्टँडवर ठेवला, कागद मिटले, आणि दाराशी किल्ली हातात घेऊन उभा असलेला माणूस म्हणतो, तितक्याच साधेपणाने म्हणाले,

“चल गं.”

स्पीकरमध्ये पुन्हा तीच टिर्र टिर्र खरखर. मग काकूंचा आवाज आला. घाईचा, थोडा वैतागलेला, अगदी रोजचा.

“आले, आले! चपला तर घालू द्याल की नाही?”

काका तसेच उभे. हात माइकच्या दांड्यावर, नजर फोनवर. मी बटण दाबलं. आवाज रडका होऊ नये म्हणून ओरडूनच बोलावं लागलं.

“काका, आता इथे काय उभे राहिलात? जा ना घरी!”