अठरावरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक म्हातारा तापमापक आहे आणि उभ्या आयुष्यात मी फक्त एका हिवाळ्यात खोटे बोललो. तेही मनाने नाही. मला चहाच्या कपावर धरून बोलायला लावले. वीतभर लाकडी पट्टी, तिच्यावर काचेची नळी आणि नळीत लाल द्रव, एवढाच माझा संसार. ऊब लागली की द्रव वर चढतो, गारठा लागला की खाली उतरतो. लपवाछपवी करायची म्हटली तरी मला जमणार कशी?

कारखान्यात मला आधी बर्फात बुडवले, मग गरम पाण्यात. दोन्ही वेळा जीव नकोसा झाला, पण त्यावरूनच माझे अंश आखले गेले. तिथून मी एका रोपवाटिकेच्या काचघरात आलो. तिथल्या माळीकाकांनी मला मधल्या खांबाला टांगले आणि अठरा अंशांवर बारीक ब्रशने लाल रेघ ओढली.

"याच्या खाली गेलास तर माझी रोपं दगावतील. तेव्हा खरं तेच सांगायचं," असे त्यांनी मला बजावले. बाकीचे कामगार तोंडावर हात ठेवून हसले.

काका मात्र कामावर आले की आधी माझ्याकडे बघत. सतरा दिसले की त्यांचा जीव वरखाली होई. मग ओले बोट दारा-खिडक्यांपाशी धरून ते वारा कुठून शिरतो ते शोधत. काचेच्या कडेला पुट्टी भरत. दिवसा ऊन आत घेत आणि ते उतरायच्या आत जाड पडदे ओढून घेत. "आधी फट बुजवा, मग हीटर वाढवा," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. तीस वर्षे आमचे छान जमले. एक रोप थंडीने गेले नाही, याचे थोडे श्रेय मी घेतो. कोणी दिले नाही, म्हणून स्वतःच घेतो.

निवृत्त होताना काकांनी भेट म्हणून मलाच मागून घेतले. घरी आतल्या भिंतीवर मला मानाची जागा मिळाली. पुढे काकू गेल्या. लेक तर कधीच लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती. चार खोल्यांच्या घरात काका आणि मी, असे दोघेच उरलो.

लेक शहराची बस चालवते. बोलायला रोखठोक, पण बापावर भारी जीव. थंडी सुरू होताच तिने सांगून टाकले, "घर गारठलेलं दिसलं, तर कुलूप लावून सरळ माझ्याकडे नेईन तुम्हाला. रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ फोन करीन, तेव्हा थर्मामीटर दाखवायचा."

तिचे घर तिसऱ्या मजल्यावर. काकांचे सगळे मन अंगणातल्या कुंड्यांत. आणि एकट्या माणसासाठी चार खोल्या तापवायच्या, एवढी वीज जाळायची, हे त्यांना पटतच नव्हते. हीटर कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला. मी चौदा दाखवले, बारा दाखवले, अकरा दाखवले. मित्रांनो, ज्या माणसाने तीस वर्षे माझा शब्द झेलला, तोच आता माझ्यासमोरून मान फिरवून जायचा. मला फार वाईट वाटे.

सहाला पाच मिनिटे कमी असताना ते मला खिळ्यावरून काढत आणि वाफाळत्या चहावर धरत. द्रव सरसर वर चढे. मग मी परत खिळ्यावर आणि काका फोनसमोर. "बघ, चांगले वीस!" एव्हाना चहा पार निवलेला असे आणि काका तोच पीत.

एके दिवशी लेकीने विचारले, "वीस अंशात कानटोपी कशाला, बाबा?"

"केस विस्कटू नयेत म्हणून."

"केस आहेत कुठे?"

काका हसले, पण गारठ्याने त्यांचे शब्द जडपणे येत होते. मी ओरडू शकलो असतो तर घर डोक्यावर घेतले असते.

दुसऱ्या दिवशी ती आली, तीही न सांगता, सहाला पाच मिनिटे कमी असतानाच. काका कपावर मला धरून उभे होते. माझ्यावर पंचवीस अंश आणि तिच्या तोंडातून निघत होती वाफ. तिने आधी बापाचे हात हातात घेतले. मग मला खिळ्यावर टांगले आणि समोर उभी राहिली. मी उतरत उतरत अकरावर आलो. काय सांगू, इतके हलके मला कधी वाटले नव्हते!

काकांनी मान खाली घातली. "नेणार ना आता मला?"

तिने लाल रेघेवर बोट ठेवले. "ही कोणी ओढली, बाबा? रोपांना अठराच्या खाली जाऊ दिलं नाहीत कधी. आणि स्वतःला अकरावर ठेवता?" मग डोळे पुसून तिने बाह्या वर केल्या. "काचघर कसं सांभाळायचात, तेवढं सांगा. मी करते."

काका खुर्चीत ताठ बसले. पांघरुणात गुरफटलेले, पण हुकूम सोडायला मोकळे. "चार खोल्या नकोतच. ही एकच धर. बाकीची दारं लाव. ओलं बोट धर त्या खिडकीपाशी!" खिडकीच्या फटीत कापडाच्या पट्ट्या गेल्या, दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी बसली, जाड पडदे ओढले गेले. पलंग बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकला. सर्वांत शेवटी हीटर लागला, पडद्यांपासून लांब.

मग दोघे गरम चहा घेऊन माझ्यासमोर बसले. तेरा. पंधरा. सोळा. सतरावर मी जरा रेंगाळलो. इतक्या वर्षांनी कोणी माझ्याकडे टक लावून बघत होते, त्याचा मोह झाला म्हणा. अठरावर पोचलो तेव्हा काकांनी स्वतःहून कानटोपी काढली.

"जपून," लेक म्हणाली, "केस विस्कटतील."

घराला कुलूप लागले नाही. पुट्टी रविवारी भरली. सहाचा फोन अजून येतो आणि मी खिळ्यावरूनच उत्तर देतो.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा, पण आधी फटी बुजवून वाचवा, माणूस गारठवून नको. आणि घरातले म्हातारे माणूस "मला नाही थंडी वाजत" म्हणाले, तर माझ्याकडे नंतर बघा. आधी त्याचे हात हातात घ्या. मी खरे तेच सांगतो, पण आमच्या घरात ते आधी लेकीच्या हातांना कळले.