वीणा उतरेपर्यंत

सिंदी स्टेशन सोडून गाडी थोडी पुढं आली आणि कापसाच्या वावरांमध्ये थांबली. थांबली ती थांबलीच. पहाटे गोंदियाला कोकिळाबाई डब्यात चढल्या तेव्हापासून हेच चाललं होतं. जरा चालायचं, मालगाडीला वाट द्यायची, पुन्हा उभं राहायचं. नळाचं पाणी संपलं, लेकरं रडून रडून निजली. ‘हिच्यापेक्षा बैलबंडी बरी’ म्हणणारे काकाही आता तोंड उघडं टाकून घोरत होते.

कोकिळाबाईंच्या माहेरी आज सप्त्याचा काला होता. वर्ध्याला उतरून एसटीनं मागं यायचं, असा बेत. पण काला काही गाडीसाठी थांबत नाही.

आई गेली तेव्हाही गाडी अशीच अडकली होती. त्या पोचल्या तर राख निवत आलेली. धाकट्या किसनरावानं दिवस मावळायच्या आत अग्नी दिला होता. “एक गाडी येईस्तोवर थांबवलं नाई तुले?” एवढं बोलून त्या अंगणातूनच फिरल्या, आणि भावाबहिणीचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

गावचा रिवाज असा, की ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याला काल्याचा घास भरवायचा आणि मागचं तिथंच सोडायचं. परवा भाची वर्षालीचा फोन आला. “आत्या, यंदा बाबाच्या गळ्यात वीणा आहे. तुले घास द्याचा म्हणतात.”

“पण थांबन का थो माह्यासाठी?”

‘बाबाले सांगते’ म्हणून वर्षालीनं फोन ठेवला होता. मघाशी कोकिळाबाईंनी ‘गाडी अडकली’ म्हणून कळवलं, तेव्हाही तेवढंच.

कोकिळाबाईंचा डोळा लागला. फुटलेल्या बोंडांच्या पांढऱ्या उजेडात आई बसली होती, मांडीवर टाळ घेऊन. वारा आला की बोंडं डोलत, आणि त्यांच्यातूनच कीर्तन उमटत होतं. गवळ्यांची पोरं वासरं शोधायला रानात शिरली होती. आई हसून म्हणाली, “ऐकून काय राह्यली? ये न.”

त्या दचकून जाग्या झाल्या. कीर्तन मात्र चालूच होतं.

“पोरी, मलेच ऐकू येऊन राह्यलं का?”

समोरची मेघा, वर्ध्याला नर्सिंग शिकणारी मुलगी, खिडकीशी कान नेऊन म्हणाली, “नाई आजी, मलेही. त्या लिंबांच्या पल्याड भोंगा आहे.”

“अव, थे तं माह्यं गाव!”

“मंग उतरा न!”

“अन् गाडी सुटली तं?”

“सुटली तं सुटली. तुम्ही तं घरी पोचान, आमचंच कठीण आहे!”

सगळा डबा जागा झाला. घोरणाऱ्या काकांनी खाली उतरून हात दिला, मेघानं पिशवी खिडकीतून सोडली. कोकिळाबाई धुऱ्यानं, वावरांच्या बांधाबांधानं, चालू लागल्या. भोंग्यातून कीर्तनकार कौशल्याबाईंचा गोड आवाज येत होता. आख्यानातल्या गवळ्यांच्या पोरांनी शिदोऱ्या सोडल्या. आता काला व्हायचा, हंडी फुटायची. जन्मभर कीर्तनं ऐकलेल्या कोकिळाबाईंना पुढचं पाठ होतं. त्यांनी पाय उचलला.

पण कौशल्याबाईंनी पुन्हा वासरं हरवली! पोरं पुन्हा रानात! असं आख्यान त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्या मंडपात शिरल्या तशा कौशल्याबाई गाता गाता हसल्या. “आल्या एकदाच्या! रूपरावभाऊ, आता वासरं सापडली समजा.”

“मी तं म्हटलं आज काला रातीच खाऊ घालता,” मृदंगावरचे रूपराव बोटं चोळत म्हणाले. “हा किसनराव वीणा उतरवतच नाई!”

सप्ताभर वीणा भुईला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. आणि या गावात शेवटचा विणेकरी ती आपल्या गळ्यातून उतरवत नाही तोवर हंडीला काठी लागत नाही. किसनराव सकाळपासून उभा होता. पाय सुजलेले, डोळे वाटेवर.

“किसना, बस न बाप्पा आता.”

“बाई,” तो वीणा सावरत म्हणाला, “तवा लोकायनं थांबू देल्लं नाई. आज कोणाचंच ऐकलं नाई मी.”

त्यानं वीणा काढून बहिणीच्या गळ्यात घातली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग वीणा सांभाळत तीही वाकली आणि धाकट्या भावाच्या सुजल्या पायांना तिनं हात लावला. हंडी फुटली. दही, लाह्या, लोणचं अंगाखांद्यावर उडालं. किसनरावानं मोकळ्या हातांनी घास कालवला आणि तिच्या तोंडात घातला.

लिंबांपल्याड गाडीनं शिट्टी दिली. घास तोंडात घोळत होता, गळ्यात वीणा होती, आणि कोकिळाबाईंचं बोट हळूहळू तार छेडत राहिलं.