दोन अनोळखी बायका

जुन्या बाजारात शिरताना चेकरबाईने सवयीने पर्स पोटाशी घेतली आणि सवयीनेच मागे वळून पाहिलं. मागे माणसं रग्गड होती. वहिनी नव्हती.

चेकरबाई हे काही तिचं नाव नव्हे, ते तिचं काम. तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलापाशी ती एकतीस वर्षं उभी होती. शर्ट समोर आला की कॉलर, काजं, बटणं, काखेतली शिवण, खालची दुमड असा तिचा हात फिरायचा आणि जिथे टाका सुटला असेल तिथे लाल कागदी बाण चिकटायचा. शिवणाऱ्या बायका पाठीमागे तिला काय म्हणत ते इथे न लिहिलेलं बरं. दादा मात्र तोंडावर 'चेकरबाई' म्हणायचा, आणि ते नाव कारखान्यापेक्षा घरातच जास्त चाललं. दूध नासलंय का, भिंतीचा रंग एकसारखा बसलाय का, भाचीच्या फ्रॉकची बाही वाकडी आहे का, सगळ्याचा निकाल तिच्याकडे. तिचं लग्न झालं नाही, कारण आलेल्या प्रत्येक मुलाला तिने बाण चिकटवला, असं दादा चारचौघांत सांगायचा. त्यातल्या दोघांनी तिलाच नापास केलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. ते तो सांगत नसे.

वहिनीचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि पडद्यामागे कपडे बदलायला हातभर जागा. वर्षातून एकदा कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राही. त्या आठवड्यात वहिनी दुकानाला कुलूप लावी आणि या दोघी दोन दिवसांसाठी एखादं नवं शहर गाठत. तिथल्या इमारती आणि बागा इतरांनी बघाव्यात. या दोघी बॅगा टाकून थेट जुन्या बाजारात. अठरा वर्षांत त्यांनी काय काय उचलून आणलं होतं: मोजा रफू करताना आत घालायचं लाकडी अंडं, हाताने विणलेल्या लेसचे तुकडे, एका म्हाताऱ्या कुंभाराचे सहा वाडगे, आणि एक पितळी घुबड, जे दादाला इतकं भयंकर वाटलं की तो रोज सकाळी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा.

नजर वहिनीची होती. ढिगाऱ्यातून नेमकी वस्तू तीच काढायची. पण तिला भाव करता येत नसे, वस्तू आवडली की कितीही मागा, देते अशी दिवाळखोरी चेहऱ्यावर दिसायची. म्हणून दोघींनी एक युक्ती काढली होती. बाजारात शिरलं की ओळख बंद. वहिनी वस्तू हातात घेऊन घुटमळायची. मग चेकरबाई कुणी त्रयस्थ बाई असावी तशी शेजारी येऊन उभी राहायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "अहो, बघून घ्या हं. इथे चीर आहे. आणि हा रंग मागाहून दिलेला दिसतो." खोटं ती कधीच बोलली नाही. खोड असायचीच, तिला ती दिसायचीच. विक्रेता कावराबावरा व्हायचा, भाव उतरायचा, आणि पुढच्या वळणावर चहाच्या टपरीशी दोघी एकमेकींना टाळ्या देत हसायच्या.

गेल्या वर्षी याच शहरात यायचं ठरलं होतं. तीन आठवडे आधी, एका मंगळवारी, दादाचा तिला कारखान्यात फोन आला. पोटात दुखतं म्हणाला, बरंच दुखतं. वहिनीला सांगू नकोस, ती सगळं टाकून बसेल. तुमची सहल होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. चेकरबाई फोनवर "बरं" म्हणाली. भावाची तिला काळजी वाटली नाही असं नव्हे. पण वर्षभर ती त्या दोन दिवसांची वाट बघायची आणि ते हातचे जाऊ नयेत असं तिला वाटलं, हेही तितकंच खरं. सहलीच्या चार दिवस आधी दादाला दवाखान्यात न्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. तिथल्या कॉरिडॉरमध्ये, डॉक्टर आणि चार नातेवाईक उभे असताना, चेकरबाई वहिनीला म्हणाली, "पंधरा दिवस तो गोळ्या खात होता. तू काय बघत होतीस?"

वहिनी एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर वर्षभरही नाही. चेकरबाई फोन करायची तेव्हा भाची उचलायची आणि आई अंघोळीला गेली आहे म्हणायची. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, संध्याकाळीही अंघोळ. शेवटी भाचीलाच खोटं बोलायचा कंटाळा आला असावा. परवा ती म्हणाली, "आत्या, आई तुमच्या सहलीच्या आठवड्यात घरी नसेल. बाहेरगावी जातेय." कुठे ते चेकरबाईने विचारलं नाही. तिने गेल्या वर्षी ठरलेल्या या शहराचं तिकीट काढलं. लॉजवर जाऊन, जीभ वळली म्हणून, दोन पलंगांची खोली मागितली आणि दुसऱ्या पलंगावर बॅग ठेवली. सांगायचं एवढंच होतं की दादाने आधी मला सांगितलं होतं. वाक्य लहान होतं. वर्षभर ते तिच्या तोंडात दगडासारखं होतं.

बाजार एका जुन्या गोदामात भरत असे. वर पत्रा, खाली फरशी, मध्ये चार लांब ओळी. चेकरबाईने पहिली ओळ सावकाश पाहिली. तिने एक निळा वाडगा उचलला, बुडाशी केसाएवढी चीर दिसली, ठेवून दिला. एक हातमागाची चादर उलगडली, मधोमध सूत बदललेलं होतं, घडी घालून ठेवली. एका पेटीची बिजागरी, एका आरशाची कड, एका बाहुलीचा डावा हात. तासाभरात तिने पन्नास वस्तू नापास केल्या आणि एकही घ्यावीशी वाटली नाही. खोड काढायला आधी कुणीतरी हौसेने वस्तू उचलावी लागते, हे तिला पन्नाशी उलटल्यावर त्या गोदामात कळलं. शेजारून एक नवराबायको दिव्यावरून भांडत गेले. त्या भांडणाचाही तिला हेवा वाटला.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी वहिनी दिसली.

ती वाळली होती. केस आखूड कापले होते. समोर लाकडी सामान मांडून एक जाडजूड विक्रेता स्टुलावर बसला होता आणि वहिनीच्या हातात शिवणाची एक पेटी होती: वरच्या बाजूला सरकता कप्पा, आत रिळांसाठी खुंट्या, सगळं हाताने घडवलेलं. वहिनीच्या चेहऱ्यावर अगदी तीच दिवाळखोरी होती. चेकरबाईचे पाय आपोआप निघाले. तिकडे जायला तिला दुसरी वाटच माहीत नव्हती. आपण काय म्हणून तिच्यासमोर उभं राहायचं, तर अनोळखी बाई म्हणून, ते तरी अठरा वर्षं येत होतं.

ती शेजारी जाऊन उभी राहिली. वहिनीला कळलं. तिची बोटं पेटीवर थांबली, पण मान वळली नाही. पेटीचं झाकण कधीतरी उभं तडकलं होतं, आणि कुणीतरी फटीत आडवे दोन लाकडी तुकडे बसवून ते सांधलं होतं. इतकी ढळढळीत खोड चेकरबाईला अख्ख्या बाजारात मिळाली नसती. विक्रेत्यालाही ते माहीत होतं. तो स्टुलावरून उठून तिच्या तोंडाकडे बघू लागला.

"घ्या," चेकरबाई म्हणाली. "झाकण सांधलेलं आहे, पण फार छान सांधलंय. घ्या तुम्ही."

विक्रेता खुलला. या ताईंना कळतं म्हणाला, आणि मग भावात एक पैसा सोडायला तयार होईना. वहिनीनेही घासाघीस केली नाही. त्याने सांगितली ती किंमत तिने दिली, पेटी कापडी पिशवीत घातली आणि चालू लागली. चेकरबाई चार पावलं मागून गेली. टपरी आली. वहिनी तिथे थांबली नाही. गोदामाच्या दारातून बाहेर पडून ती बसथांब्याच्या बाकावर टेकली आणि पिशवी तिने मधे ठेवली. मधे ठेवली म्हणजे दुसऱ्या बाजूला जागा सोडली, असा अर्थ काढून चेकरबाई बसली.

"खोड का नाही काढलीस?" वहिनीने समोर बघत विचारलं.

"सुटली ती सवय."

"खोटं बोलू नकोस. सगळ्यात आधी तुला ती चीरच दिसली."

मग वहिनी आपणहून बोलली. फार दिवसांनी तोंड उघडलेल्या माणसासारखी तुटक बोलली. तू चुकीचं बोलली असतीस तर मी भांडले असते, म्हणाली. दोन दिवस भांडलो असतो, रडलो असतो, झालं असतं. पण तू बरोबर बोललीस. तो गोळ्या खात होता आणि मी खरंच काही बघत नव्हते. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच येतो, तुझ्या आवाजात येतो. म्हणून तुझा फोन घेववत नाही.

आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. वहिनीने तिला बरोबर ठरवलं होतं. थोडं रडून, हात धरून, वर्षाकाठी दोन दिवस पुन्हा पदरात पाडून घेता आले असते. चेकरबाईच्या मनात हे सगळं येऊन गेलं.

"त्याने मला आधी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तो गोळ्या खायला लागला त्याच्याही आधी. मंगळवारी फोन केला होता. तुला सांगू नकोस म्हणाला, तुमची सहल होऊ दे म्हणाला. आणि मी बरं म्हणाले. मला इथे यायचं होतं तुझ्याबरोबर."

एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. वहिनीने मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चेकरबाईला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"काय म्हणाला तो?" वहिनीने विचारलं. "जसंच्या तसं सांग. शब्दन् शब्द."

चेकरबाईने सांगितलं. रात्री फार दुखतं म्हणाला. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसतो, म्हणजे तिला कण्हणं ऐकू जात नाही. वहिनीने ते आणखी एकदा सांगायला लावलं. चेकरबाईने पुन्हा सांगितलं.

"मी त्याला पाण्यावरून बोलत होते," वहिनी म्हणाली. "टाकी रिकामी होते म्हणून. रोज बोलत होते." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणखी काही म्हणाला? माझ्याबद्दल?"

एखादं गोड वाक्य सहज जोडता आलं असतं, ते तपासायला जगात कुणी नव्हतं. चेकरबाईने तोंड उघडलंसुद्धा. पण एकतीस वर्षांत तिने सदोष नग पुढे जाऊ दिला नव्हता आणि तिला ते आताही जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मग त्याच्या ऑफिसातलं कुणी आलं, आणि दादाने फोन ठेवला."

वहिनी रडली. तोंडावर हात न घेता, आवाज न करता, बसची वाट बघणाऱ्या माणसांसमोर रडली. चेकरबाईने रुमाल पुढे केला तो तिने घेतला, डोळे पुसले, घडी घातली आणि परत दिला. परक्याची वस्तू परत द्यावी तसा दिला.

"वर्षभर मी एकटीने उचललं हे," ती म्हणाली. "त्यातलं अर्धं तुझं होतं."

चेकरबाई हो म्हणाली.

"फोन करू नकोस. मला करावासा वाटला तर मी करीन. वाटेल की नाही, खरंच माहीत नाही."

पुढची बस आली तेव्हा ती उठली. पेटीची पिशवी खांद्याला लावली, पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबली, आणि चढली. बस भरलेली होती. आखूड केसांचं डोकं माणसांच्या मधून आत आत गेलं आणि दिसेनासं झालं.

चेकरबाई बाकावर बसून राहिली. छातीवरचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं, आणि ते उतरलंही होतं, यात काही खोटं नव्हतं. पण गेलं वर्षभर, कारखान्यात, स्वयंपाकघरात, झोपायच्या आधी, तिच्याकडे वहिनीला सांगायची एक गोष्ट होती. ती मनातल्या मनात वहिनीशी रोज बोलत होती. आता सांगायचं ते सांगून झालं होतं.