विहीणबाईंच्या तीन कादंबऱ्या

भिमाजीअण्णा स्थळाची चौकशी शेजाऱ्यांकडे करत नाहीत. शेजारी एकतर भांडलेले असतात किंवा मिंधे असतात आणि दोन्हींमुळे माहिती बिघडते, असं त्यांचं मत आहे. ते गिरणीवाल्याला विचारतात. कोणाकडे गहू दळला जातो आणि कोणाकडे बाजरी, दळण घेऊन कोण येतं, सून डबा आपटून ठेवते की हळू ठेवते, हे सगळं गिरणीवाल्याला ठाऊक असतं आणि खोटं बोलून त्याचा काही फायदा नसतो. अण्णांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यामुळे जिल्ह्यातले बहुतेक गिरणीवाले त्यांना नावानं ओळखतात. कोल्हारमध्ये मराठ्यांच्या, माळ्यांच्या आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्याही सोयरिकी त्यांच्या शब्दावर ठरतात. माझा भाऊ योहानदादा आणि ते शाळेत एका बाकावर बसत. आमच्या घरात त्यांचं मत शेवटचं.

म्हणून दादाच्या मुलानं, केविननं, ओहायोहून फोन करून हॅना नावाच्या मुलीशी लग्न करायचंय असं सांगितलं, तेव्हा दादाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "भिमाजीला तिकडं पाठवायचं कसं?"

केविनला लग्न डिसेंबरात, कोल्हारच्याच चर्चमध्ये करायचं होतं. नाताळाच्या सुमारास चर्च मोकळं नसतं, त्यामुळे पाळकसाहेबांना महिनाअखेरीच्या आत तारीख कळवायची होती. त्यानं एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. पप्पा मनापासून हो म्हणाले तरच तारीख घ्यायची, नाहीतर तो थांबेल. दादा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. केविनची आई, म्हणजे माझी स्टेलावहिनी, मला फोन करून म्हणायची, "ताई, तुम्ही काहीतरी करा. हे नुसते गच्चीवर फेऱ्या मारतात."

मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. लग्न जुळवण्याचा मला अनुभव नाही, स्वतःच्याही लग्नाचा नाही. पण घरात इंग्रजी पुस्तकं वाचणारी मी एकटीच, आणि प्रकरण त्या दिशेनं वळायला फार वेळ लागला नाही.

झालं असं की केविननं एक लिंक पाठवली. हॅनाची आई नोरीन ऑल्सब्रुक ही तिकडची नावाजलेली लेखिका निघाली. कुठल्याशा वर्तमानपत्रानं नामवंत अमेरिकन लेखकांच्या नव्या पुस्तकांची यादी वाचकांसाठी दिली होती आणि त्यात बाईंची कादंबरी वरून तिसरी होती. केविनला वाटलं, एवढं पुरेसं आहे.

अण्णा दादाच्या ओट्यावर बसले होते. मी यादी मराठीत सांगितली.

"ही शिफारस केली कोनी?" त्यांनी विचारलं.

"वर्तमानपत्राच्या समीक्षकांनी."

"ते बाईच्या नात्यातले हायत का?"

"माहीत नाही, अण्णा."

"मग उपेग न्हाई. शिफारशीवर मानूस नोकरीला लागतो. घरात घेत न्हाईत."

यादीतल्या बाकीच्या पुस्तकांबद्दल काय लिहिलंय तेही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. बहुतेकांत कोणीतरी शहरातून आपल्या जुन्या गावी परत येत होतं, आई आजारी होती आणि घर विकायला काढलेलं होतं.

"तिकडं लई घरं विकायला निघालीत," अण्णा म्हणाले. "बाजार पडला असंल."

नोरीनबाईंच्या पुस्तकाखाली एक ओळ होती. लेखिकेनं स्वतःच्या आयुष्याकडे निर्दयी प्रामाणिकपणानं पाहिलं आहे, अशी. मी ती होती तशी सांगितली. अण्णा ताठ बसले.

"म्हंजे घरचं सगळं लिहिलंय?"

"तसं नाही. कादंबरी आहे. त्यात कल्पना असते."

"नावं बदलली असतील. तेवढं कोन बी बदलतं. मरियाताई, तुमी वाचा. हीच आपली गिरनी."

मी हरकत घेतली. दादानं ती ऐकली नाही. केविननं हॅनाच्या आईच्या तीन कादंबऱ्या कुरिअरनं पाठवल्या आणि मी त्या वाचत गेले. एकेक संपली की संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन सांगायचं, असं ठरलं.

पहिली मक्याच्या शेतातली. ऐन सुगीत नवरा घर सोडून जातो आणि बाई धान्याचं कोठार पेटवून देते.

"जमीन किती?" अण्णांनी विचारलं.

"आकडा दिलेला नाही. क्षितिजापर्यंत मका आहे, असं आहे."

"मग बांधाचा वाद असनार. नवरा कुठं गेला?"

"शेवटपर्यंत कळत नाही."

"कोठाराचा इमा होता का?"

"विम्याचा उल्लेख नाही."

"मग बाई तापट हाय," अण्णा म्हणाले. "इमा असता तर हुशार म्हनलो असतो."

दुसरी तळ्याकाठची. हिच्यात नवरा पहिल्या पानाच्या आधीच वारलेला आहे. बाई त्याचा कोट खुंटीवरून काढत नाही आणि पुस्तकभर कुत्र्याशी बोलते.

"वारला?" दादा म्हणाला. "मागच्या पुस्तकात तर पळून गेला होता."

"दुसरा असेल," वहिनी म्हणाली.

तिसरी म्हणजे यादीतली. हिच्यातला नवरा दातांचा डॉक्टर आहे. तो जिवंत आहे, घरातच आहे, पण बायकोशी एक शब्द बोलत नाही.

"एका बाईला तीन नवरे," दादा म्हणाला आणि खुर्ची मागे सारली. "झालं मग."

"थांब रं," अण्णा म्हणाले. "एक पळाला, एक मेला, एक बोलत न्हाई. नवरा एकच असंल. बाईचा राग तेवढा बदलत गेला."

मी बाईंच्या पुस्तकांवरची काही समीक्षणं तोवर वाचली होती. त्यांत याहून बरं काही नव्हतं. पण असंच चालू राहिलं तर महिना संपणार होता. हा विषय मिटवावा म्हणून मी एक सूचना केली, आणि तिथंच चुकले.

"अण्णा," मी म्हणाले, "तीन पुस्तकांत जे वेगवेगळं आहे ते सोडून द्या. ते रचलेलं आहे. तिन्हींत जे सारखं निघेल तेवढंच खरं असू शकतं. अनोळखी क्षार ओळखायचा असला की आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो आणि दर वेळी जे येतं तेवढंच धरतो."

सारखं काही निघणार नाही, अशी माझी खात्री होती.

"मग काय सारखं आहे?" दादानं विचारलं.

मी विचार केला आणि उत्तर सापडलं. सापडल्यावर ते गिळायला हवं होतं, पण मला ती सवय नाही.

"तिन्हींत आई मुलीला फोन करते," मी म्हणाले, "आणि मुलगी तो उचलत नाही."

मक्याच्या शेतातल्या पुस्तकात मुलीच्या रिकाम्या खोलीत घंटी वाजत राहते. तळ्याकाठची बाई मुलीच्या फोनच्या यंत्रात निरोप ठेवते. दातांच्या डॉक्टरच्या पुस्तकात तर एक सबंध प्रकरण त्यावर आहे.

मग अण्णा म्हणाले, "जी पोरगी आईचा फोन उचलत न्हाई, ती सासऱ्याचा उचलनार व्हय?"

दादा उठून गच्चीवर गेला. वहिनीनं माझ्यासमोरचा अर्धा भरलेला कप उचलला. "ताई, एवढं बारीक वाचायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी वर गेले. दादा पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. खाली रस्त्यावरून मनमाडकडे जाणारे ट्रक चालले होते.

"केविनचा फोन रविवारी येतो," तो म्हणाला. "मी शनिवारीच मोबाईल चार्जिंगला लावतो. हसू नको. आठवडाभर मी त्या एका फोनवर जगतो, मरिया. त्या पोरीच्या घरात फोन न उचलायची रीत असली, तर हा पण हळूहळू तसाच होईल. मग मी काय करू?"

"त्यांनाच विचारू या," मी म्हणाले. "केविन या रविवारी हॅनाच्या आईला फोनवर आणणारच आहे. सरळ विचार."

"विहिणीला? तोंडावर?"

खाली उतरल्यावर अण्णांनीही तेच म्हटलं. चौकशी ही मागून करायची गोष्ट. तोंडावर सगळेच चांगले असतात. पण तिकडच्या एकाही गिरणीवाल्याची ओळख नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. दादानं उपासनेचा पांढरा शर्ट अंगावर ठेवला होता. अण्णा कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं बाजूला, दाराआड बसले. चौकशी करणाऱ्यानं दिसायचं नसतं. पलीकडे सकाळ होती. नोरीनबाई त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, एक चष्मा नाकावर आणि दुसरा केसांत. त्यांच्या एका बाजूला केविन, दुसऱ्या बाजूला हॅना.

दादानं आमच्या ख्रिस्ती रीतीचा "सलाम" केला. तब्येती झाल्या, हवापाणी झालं. मी दोन्ही बाजूंचं भाषांतर करत होते. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. दाराआडून अण्णांनी हळूच म्हटलं, "इचार."

दादानं विचारलं. "म्हणावं, तुमच्या तिन्ही पुस्तकांत पोरगी आईचा फोन उचलत नाही. हे खरं आहे का?"

मी तेच इंग्रजीत विचारलं, फक्त मध्ये दोनदा 'कृपया' घातलं. केविननं कपाळावर हात ठेवला.

नोरीनबाईंनी नाकावरचा चष्मा काढला. त्या म्हणाल्या की आजवर हे कोणी पकडलं नव्हतं. लोक त्यांच्या पुस्तकांतल्या मातीबद्दल आणि मौनाबद्दल लिहितात, फोनबद्दल नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण उलटं आहे. फोन मी उचलत नाही. लिहायला बसले की फोन पिठाच्या डब्यात घालते आणि झाकण लावते. हॅना हॉस्टेलवर होती तेव्हा एकदा तापानं फणफणली होती. दिवसभर मला फोन करत होती आणि मी एक प्रकरण संपवत होते. ते मला जसंच्या तसं लिहवेना, म्हणून मी ते मुलीवर ढकललं. तीन वेळा."

माझ्या उत्तरात किंमत बरोबर आली होती, अधिक-उण्याचं चिन्ह उलटं होतं. ही चूक पहिल्या वर्षाची मुलं करतात आणि मी त्यांचे गुण कापत असे. मी सगळं मराठीत सांगितलं.

"पिठाच्या डब्यात?" वहिनी म्हणाली. "आणि पीठ?"

मी विचारलं. "पीठ नसतंच, म्हणतात. त्या स्वयंपाक करत नाहीत."

वहिनीनं त्या स्वयंपाकघराकडे नव्यानं पाहिलं.

दादाचं त्याकडे लक्ष नव्हतं. तो हॅनाकडे पाहत होता. "हिला विचार, ही अजून फोन करते का आईला?"

"रोज सकाळी," हॅना म्हणाली.

"त्या उचलत नाहीत तरी?"

"तरी. कधीतरी आई ब्रेड करायला तो डबा उघडेल."

भाषांतर ऐकून दादा हसला. हा विषय घरात आल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता. अण्णांना राहवलं नाही आणि ते पाहायला पुढे वाकले, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा आणि टोपी पडद्यावर आली.

"हे कोण?" नोरीनबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, लग्नाआधी दुसऱ्या घराची खरी माहिती काढणारे गृहस्थ.

"ते लिहितात का?"

"नाही."

"नशीब माझं," त्या म्हणाल्या.

आता दादाला धीर आला होता. त्यानं अट घातली. लग्न झाल्यावर आमच्या घराबद्दल पुस्तकात काही लिहायचं नाही. नोरीनबाईंनी काढलेला चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाल्या की त्यांना असं वचन देता येणार नाही. दिलं तर ते मोडलं जाईल आणि मग त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. केविनचा हात पुन्हा कपाळावर गेला. मी ते वाक्य थोडं मऊ करावं की काय या विचारात पडले, पण केलं नाही.

दादा अण्णांकडे वळला.

"योहान," अण्णा म्हणाले, "इतकी वर्सं हे काम करतो मी. विहिनीच्या तोंडून तिची सोताची खोट कधी ऐकली न्हाई. हिनं बसल्या बैठकीत दोन सांगितल्या. हो म्हन."

दादानं शर्टाच्या बाह्या नीट केल्या, मोबाईल डब्यावर थोडा सरळ केला.

"त्यांना सांग," तो मला म्हणाला, "डिसेंबरात इकडं पहाटे गारठा असतो. येताना स्वेटर आणा."

मी सांगितलं. नोरीनबाई स्वेटरचं टिपून घ्यायला पेन शोधू लागल्या. केविन मात्र खुर्चीवरून उठून पडद्याबाहेर गेला, आणि इकडे वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. स्वेटरवरून सगळे का रडताहेत, असं हॅनानं विचारलं. मी तिला सांगितलं की याचा अर्थ 'हो' असा आहे. तिनं ते आईला सांगितलं आणि दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. बहुधा दादा नाराज झालाय, असं त्यांना तोवर वाटत होतं.

फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा अण्णांनी माझी बाही ओढली.

"मरियाताई, एक सांगा तिला. माझं पुस्तकात लिहिलंच, तर जमीन बागायत लिहा म्हनावं. नात लग्नाची हाय. उद्या कोनी ते वाचून चौकशी केली तर?"

मी भाषांतर केलं. नोरीनबाईंना पेन सापडलं होतं. प्रत्यक्षात जमीन कशी आहे, त्यांनी विचारलं. मी जशी आहे तशी सांगितली. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "चौकशीत एवढं खरं सांगायचं नसतं."