आरसा उघडाच जाईल

मी एक जुना आरसा आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच बजावून ठेवतो: मला कोणी उताणं निजवायचं नाही. कपाट निजवा, पलंगाचे पाय काढा, टेबल पालथं घाला, माझं काही म्हणणं नाही. पण काच कडेवर उभी असली की दगडाला भारी, आणि उताणी पडली की बिस्किटासारखी कडकन मोडते. हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझ्या अंगावर त्याची खूण आहे.

कारखान्यात मला कापलं, घासलं, पाठीवर कलई चढवली. सुताराने जाड लाकडाची चौकट ठोकली आणि काम झाल्यावर माझ्यातच बघून मिशीला पीळ दिला. तो माझ्यात दिसलेला पहिला माणूस. मी उंच माणसाहूनही टीचभर उंचच आहे. एका तरुण टेलरमास्तराने मला आपल्या दुकानात आणलं, तेव्हा त्याच्याकडे मशीन एक आणि गिऱ्हाइकं मोजकीच होती. पण तो म्हणायचा, आरसा मोठा असला की गिऱ्हाईक आपोआप सरळ उभं राहतं. मास्तर बेतायचा, कापायचा. त्याची बायको, म्हणजे आमची बाई, काजंबटणं आणि हातशिलाई करायची. पुढे ती बेतायलाही शिकली आणि मास्तरापेक्षा बरं बेतू लागली. हे मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगायचा, फक्त ती समोर नसताना.

किती लोक पाहिले मी! माझ्यासमोर आलेला प्रत्येक जण आधी पोट आत घ्यायचा. मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायचा, "श्वास सोडा, साहेब. कोट काय रोज श्वास धरून घालणार आहात?" मुलाखतीला निघालेली पोरं यायची, पहिला लांब झगा शिवून घेणाऱ्या मुली यायच्या. मी कोणाची खुशामत केली नाही. खांदा पडला असेल तर पडलेला दाखवला. म्हणून तर लोक म्हणायचे, या आरशासमोर पास झालेला कपडा जगात कुठेही घालावा.

मग पहिल्यांदा दुकान बदललं. मास्तराचा माझ्यावर फार जीव. त्याने मला आधी चादरीत गुंडाळलं, वर दोन गाद्या बांधल्या, वर पुन्हा सुतळी आवळली. इतकं प्रेमाने बांधलं की मी आरसा आहे हे ओळखू येईना. हमालांना वाटलं, गाद्यांचा गठ्ठा आहे. त्यांनी मला गाडीत सगळ्यात खाली पसरलं, माझ्यावर ट्रंका रचल्या आणि एक जण मऊ जागा पाहून वर बसलासुद्धा. रस्त्यात खड्डा आला. माझ्या खालच्या कोपऱ्यात बोटभर चीर गेली.

खरी कटकट पुढेच. हमाल म्हणाले, चीर आधीचीच असणार. मास्तर म्हणाला, मुळीच नाही. पण बांधण्याआधी मला कोणी नीट पाहिलंच नव्हतं, म्हणून कोणालाच शपथेवर सांगता येईना. त्या दिवशी बाईने एक रीत घातली. तिच्या घरातून कुठलीही वस्तू उंबरा ओलांडायची असली, की ती आधी वस्तूवर हात फिरवायची आणि तिची दुखणी मोठ्याने सांगायची. उचलणाऱ्याने "पाहिलं" म्हणायचं. पोचल्यावर पुन्हा तेच. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, सासरी पाठवतेस की काय खुर्चीला! पण त्यानंतर तिचं कधी कोणाशी भांडण झालं नाही.

पुढे मास्तर गेला. लोक तयार कपडे घेऊ लागले. माझ्या चौकटीला पिशव्या टांगल्या जाऊ लागल्या. मग हँगर, मग बाईचा स्वेटर. माझ्यात दिसायला उरली ती फक्त वरची पट्टी, आणि तिच्यात पंखा. मित्रांनो, पंख्याला कपडे लागत नाहीत. किती दिवस तेच तेच पाहायचं?

अशात इमारत पाडायची ठरली. बाईने पलीकडच्या गल्लीत एक लहानशी खोली पाहिली. तिच्या मुलाला ते पटेना. मुलगा वाईट नव्हे. आईचे गुडघे आणि डोळे त्याला दिसत होते. त्याचं म्हणणं, आता शिवण पुरे, माझ्याकडे येऊन राहा. बाई ऐकेना तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आई, हा आरसा त्या गल्लीतून धड पोचणार नाही. छोटा घे एखादा."

"छोट्या आरशात माणूस तुकड्या-तुकड्याने दिसतो. मी कपडा अख्ख्या माणसाला शिवते."

"आणि फुटला तर?"

एवढी मोठी काच आता तिच्या ऐपतीत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईने सुई कपड्यात टोचून ठेवली. "फुटला तर मशीन विकेन आणि तुझ्या घरी येऊन नातवंडं सांभाळेन. तोंडातून शब्द काढणार नाही. पण पोचला, तर तू काढायचा नाहीस."

मुलगा कबूल झाला. झाला म्हणजे काय, त्याला वाटलं आपण जिंकलोच. तरी बिचारा मनाने प्रामाणिक. सामान हलवायच्या दिवशी स्वतःच दोन जाड गाद्या, चादरी, सुतळीचा गुंडा घेऊन हजर. अगदी बापासारखा. बाईने गाद्यांकडे पाहिलं आणि त्या सरळ गाडीत टाकायला सांगितल्या.

"आरसा उघडाच जाईल."

हमालांचा मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "आजी, लोक फुलदाणीला सुद्धा कागद गुंडाळतात हो."

"फुलदाणीला गुंडाळ. गुंडाळलेल्या वस्तूला लोक सामान समजतात. याला आरसाच समजलं पाहिजे."

ती काही वेडी नव्हती. जिथे मार बसतो तिथे तिने बंदोबस्त केला होता. कोटाच्या खांद्यात घालायचे कापसाचे पॅड होते, ते तिने माझ्या चारही कोपऱ्यांना टोप्यांसारखे शिवले होते. पाठीला घोंगडी होती. उघडा होता फक्त चेहरा. मग तिने माझ्यावर हात फिरवला. वर डावीकडे कलई उडालेली. खाली बोटभर चीर. चौकटीवर इस्त्रीचा डाग, मास्तराच्या हातचा. मुकादम दर वेळी वाकून बघत "पाहिलं" म्हणाला. मुलगाही वाकला. बापाचा डाग त्याने जरा जास्तच वेळ पाहिला.

आणि मी निघालो. दोन हमालांच्या मधे, उभा, उघडा, ताठ! इतक्या वर्षांनी माझ्यासमोर पंखा नव्हता. झाडं होती, गच्च्या होत्या, केस नीट करणारी माणसं होती. बाई गुडघे सावरत पुढे चालत होती. ऊन कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मला सावलीच्या अंगाला वळवून धरायला सांगत होती. जो तो माझ्यात डोकवायचा आणि आपोआप बाजूला व्हायचा. गाद्यांच्या गठ्ठ्याला असा मान कोण देतो?

गल्लीच्या वळणावर मात्र कसोटी लागली. समोरून एक हातगाडीवाला विटा भरलेली गाडी रेटत सुसाट आला. त्याने मान वर केली आणि पाहिलं तर समोरून तितकीच भरलेली हातगाडी आपल्याच अंगावर येतेय. त्याने टाचा रोवून गाडी थांबवली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

"ए, दिसत नाही का? मागे घे!" तो माझ्यातल्या माणसावर ओरडला. माझ्यातल्या माणसानेही तितकंच तोंड वासलं.

मुकादमाला इतकं हसू आलं की त्याने मला आधी भिंतीला टेकवलं आणि मग हसून घेतलं. मुलगा हसला नाही. गाद्यांत बांधलेला असतो तर काय झालं असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं.

नव्या खोलीत मला भिंतीशी उभं केलं. बाईने पुन्हा हात फिरवायला घेतला, तेव्हा मुलगा म्हणाला, मी बघतो. त्याने कलई पाहिली. चिरेवर बोट ठेवलं. चीर बोटापुढे गेली नव्हती. चौकटीचा एक पाय खरचटला होता, तेवढं त्याने खरं सांगितलं. मग तो नुसताच माझ्यासमोर उभा राहिला. पोट आत घेऊन.

एवढ्यात दारात एक उंच नर्स आली. रस्त्यात तिने स्वतःला माझ्यात पाहिलं होतं आणि तशीच मागोमाग चालत आली होती. तिच्या कोटाचा एक खांदा वर चढला होता. इतके दिवस कोणी सांगितलंच नाही, म्हणाली. बाईच्या तोंडात तोवर टाचण्या गेल्यासुद्धा.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी घर बदलाल. बांधायच्या आधी प्रत्येक वस्तू नीट बघा, तिचं दुखणं कुठे आहे ते चार माणसांत सांगा, आणि मार बसेल तिथेच मऊ कापड लावा. माया म्हणून गुंडाळून गुंडाळून एखाद्याला ओळखू येईनासं करू नका. माणसांनासुद्धा नाही. आणि जुनं झालं म्हणून कोणाला परस्पर निजवू नका. आधी विचारा, उभं राहता येतं का?

मला येतं. खात्री करायची असेल त्याने खुशाल समोर यावं. फक्त लवकर सरकावं. नाहीतर त्या दिवशी बाईने मुलाला कोपराने बाजूला केलं, तसं त्यालाही करेल. मागे गिऱ्हाईक उभं असतं.