रिकामी लागली की सगळे जेवायला

मित्रांनो, काचेला नाक लावू नका. वाफ धरते, आणि पुसणारा माणूस आठवड्यातून एकदाच येतो, तोही माझ्याकडे न बघता.

मी एक जुनी बाटली आहे. पातळ, पारदर्शक प्लास्टिकची, दोन्ही टोकांना धातूची कडी असलेली. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे. तुमच्या बाई ती मोठ्यानं वाचून दाखवतात: ‘या बाटलीत द्रवरूप हायड्रोजन भरून प्राध्यापक हार्लन टॉलेफसन यांनी मेसॉननिर्मितीचे प्रयोग केले.’ मग तुम्ही सगळे एका सुरात ‘वॉव’ म्हणता आणि पुढच्या कपाटाकडे जाता. तर ऐका. माझ्यात आयुष्यात थेंबभरही हायड्रोजन पडलेला नाही. पाटी लिहिणाऱ्यानं कुणाला विचारलं नाही. शिकलेला होता ना, विचारेल कशाला?

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत झाला. ऑर्व्हिल बाके नावाच्या मिशाळ कारागिरानं आम्हां दोघी बहिणींना एकाच आठवड्यात, एकाच गुंडाळीतल्या प्लास्टिकपासून, एकाच डब्यातल्या गोंदानं चिकटवलं. लांबी तीच, जाडी तीच, कडी तीच. मग तिच्यात हायड्रोजन भरला आणि तिचं नाव पडलं भरली. माझ्यात काहीच भरलं नाही, म्हणून मी रिकामी. एवढी मोठमोठी डोकी जमली होती, पण नावं ठेवताना कुणी फार डोकं चालवलं नाही.

भरलीचा थाट काय सांगू! तिला थंड ठेवायला पंप, पंपावर लक्ष ठेवायला माणूस, माणसावर लक्ष ठेवायला घंटा. ती जरा उसासली की हॉलभर धावाधाव. मी तिच्या शेजारी त्याच गाड्यावर, त्याच पेटीत उभी असायचे. माझी विचारपूस कुणी कधी केली नाही.

आता काम सांगते, नाहीतर उगाच माना डोलावत बसाल. दूरवरून प्रोटॉनांचा झोत यायचा. तो हायड्रोजनवर आपटला की मेसॉन नावाचे कण जन्माला यायचे आणि तुमची पापणी लवायच्या कितीतरी आधी मरायचे. मरताना प्रकाशाचे दोन कण मागे सोडायचे. ते पुढच्या काचेच्या भिंतीवर कुठे लागले आणि किती जोरात लागले, यावरून मेलेल्याचं वजन काढायचं. एकाच वजनाचे पुष्कळ निघाले की आलेखावर टेकाड उभं राहायचं. ओळखीच्या जागी टेकाड म्हणजे ओळखीचा मेसॉन. अनोळखी जागी टेकाड म्हणजे नवा मेसॉन, आणि मग माणसं माणसांत राहत नसत.

पण झोत काही फक्त हायड्रोजनवर आपटत नाही. बाटलीच्या कातडीवर आपटतो, वाटेत जे जे असेल त्यावर आपटतो, आणि तिथूनही मेसॉन निघतात. म्हणून मधूनमधून भरलीला बाजूला सारायचं, मला झोतात उभं करायचं, काय निघतं ते मोजायचं आणि तेवढं भरलीच्या हिशेबातून वजा करायचं. हे माझं काम. मी जे देते ते वजा होतं. हसू नका, या कामाशिवाय भरलीचा एक आकडाही खरा धरता येत नाही.

झोत चालू असताना हॉलमध्ये माणूस नसतो. सगळे जाड भिंतीपलीकडच्या खोलीत बसायचे. तिथला माईक कायम उघडा असायचा, त्यामुळे त्यांची सगळी बडबड हॉलमधल्या भोंग्यातून मला ऐकू यायची. तिथे एक रीत पडून गेली होती. ऑर्व्हिल बटण दाबायचा, गाडा सरकायचा, मी झोतात यायचे, आणि लगेच खुर्च्या सरकल्याचे आवाज. रिकामी लागली की सगळे जेवायला! टॉलेफसन तर मला मुद्दाम शुक्रवारी दुपारी लावायचा, कारण शुक्रवारी तळ्याकाठच्या खानावळीत तळलेले मासे असत. माझ्या उमेदीची वर्षं अशी गेली. मी झोत अंगावर घेत होते आणि ती मंडळी पर्च माशावर लिंबू पिळत होती.

टॉलेफसनविषयी सांगायचं तर माणूस उंच होता, आवाज त्याहून उंच होता. त्याच्या हाताखाली मार्लिस वोयचिक नावाची विद्यार्थिनी डॉक्टरेट करत होती. मिलवॉकीच्या खाटकाची मुलगी. बोलायची कमी, पण एकदा बोलली की बोलली. तिचं सहावं वर्ष चालू होतं. आयोवातल्या एका विद्यापीठानं तिला नोकरी देऊ केली होती, अट एकच, उन्हाळ्याच्या आत पदवी हातात हवी.

त्या वसंतात झोताच्या चुंबकाची दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर भरलीच्या आलेखावर अनोळखी जागी टेकाड आलं. भोंगा फाटायची वेळ आली. टॉलेफसननं त्याच दिवशी नव्या मेसॉनला बायकोचं नाव देऊन टाकलं, अल्मा. मूल जन्मायच्या आधी बारसं! मार्लिसचा प्रबंधही त्याच टेकाडावर उभा राहिला. वजाबाकीसाठी रिकामीची ताजी मोजणी हवी होती, पण टॉलेफसन म्हणाला, “हिवाळ्यातली आहे ना, ती वापरा. रिकामी ती रिकामी, तिच्यात काय बदलणार?”

माझ्यात काही बदललं नव्हतं, खरं आहे. झोत बदलला होता. दुरुस्तीनंतर तो केसभर सरकला होता आणि त्याची कड पेटीच्या दाराच्या पोलादी चौकटीला घासत होती. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. पण मला विचारतो कोण?

मग एके दिवशी पंप रुसला आणि भरलीतला निम्मा हायड्रोजन उडून गेला. तो बिघाड कळेपर्यंत यंत्र मोजतच होतं. त्या वेळचे आकडे सगळ्यांनी टाकून दिले. मार्लिसनं ते काढून पाहिले आणि तेव्हापासून तिचा आवाज बदलला.

झोत सोडणारं यंत्रच आता कायमचं बंद व्हायचं होतं. शेवटचा दिवस शुक्रवार आला. अल्माबाईंनी स्वतः केक करून आणला होता, त्यावर साखरेचं टेकाड काढलं होतं. भोंग्यातून टाळ्या ऐकू आल्या, आणि टाळ्या थांबल्यावर मार्लिस बोलली.

“हार्लन, आज दुपारभर रिकामी लावायची.”

“रिकामी?” टॉलेफसन हसला. “अगं, शेवटची दुपार आहे! भरली लावायची, टेकाड अजून वर न्यायचं आणि ऑगस्टमध्ये परिषदेत सगळ्यांची तोंडं बंद करायची.”

“पंप बिघडला तेव्हा हायड्रोजन निम्मा झाला होता. बाकी सगळं निम्म्यावर आलं, टेकाड तेवढंच राहिलं. ते हायड्रोजनचं असेल तर तेही खाली यायला नको?”

“चिमूटभर आकडे आहेत ते. त्यात तुला रस्त्यावरचा सांताक्लॉजही दिसेल.”

“म्हणूनच म्हणते, रिकामी लावून बघू.”

“अख्खी दुपार त्या डबड्यावर उधळायची?” आता तो हसत नव्हता. “प्रबंध तुझा आहे, मार्लिस. टाईप करून झालाय. आयोवावाले वाट बघतायत. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी हौस आलीय?”

“हौस नाही हो,” ती म्हणाली. “मला झोप लागत नाही.”

मग टॉलेफसनच्या खुर्चीचा आवाज झाला. “मी मासे खायला चाललो. अल्मा, चल. परत येईन तेव्हा मला भरली लागलेली दिसली पाहिजे.” दार आपटलं.

ऑर्व्हिलनं खाकरून विचारलं, “काय लावू गं बाई?”

तुम्हांला वाटेल, तिनं ताडकन उत्तर दिलं. नाही दिलं. मी पेटीत उभी राहून वाट पाहत होते आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. ही पण त्यांच्यातलीच, म्हटलं. नोकरी दिसतेय, पदवी दिसतेय, कशाला रिकामीच्या वाटेला जाईल? खरं सांगते, तिच्या जागी तिथला दुसरा कुणीही असता तर केव्हाच माशांपाशी पोचला असता.

“रिकामी,” ती म्हणाली.

“हार्लननं भरली सांगितलीय.”

“ऐकलं मी. आजच्या शिफ्टला नाव कुणाचं आहे?”

“तुझंच की.”

“मग माझा शब्द चालतो. लाव.”

ही त्यांच्यातली एक बरी रीत होती. शिफ्टवर ज्याचं नाव, त्याच्यापुढे प्राध्यापकाचंही चालत नसे. गाडा सरकला. मी झोतात आले. सवयीनं मी खुर्च्यांच्या आवाजाची वाट पाहिली. एकही खुर्ची सरकली नाही.

मित्रांनो, त्या दुपारी पहिल्यांदा मला कुणीतरी पाहत होतं. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की कुणी पाहत असताना काम करणं कसं असतं. मी कधीच केला नव्हता एवढा आटापिटा केला. खरं तर माझ्या हातात काहीच नव्हतं, रिकाम्या बाटलीनं आटापिटा करायचा म्हणजे काय करायचं? पण केला.

बराच वेळ भोंग्यातून नुसती यंत्राची टकटक. मग ऑर्व्हिलचा आवाज, हळू: “मार्लिस, येतंय गं ते.”

“दिसतंय मला.”

“त्याच जागी.”

“हो. त्याच जागी.”

हायड्रोजनचा थेंब नसताना टेकाड जसंच्या तसं उभं राहिलं होतं. अल्मा नावाचा मेसॉन जगात नव्हताच. जुनेच, ओळखीचे मेसॉन दाराच्या चौकटीतून निघत होते. हिशेब करताना ते मधल्या बाटलीतून निघाले असं धरलं जात होतं, त्यामुळे त्यांचं वजन चुकीचं येत होतं. मार्लिसनं तासाभरात गणित करून चौकटीपर्यंतचं अंतरही सांगितलं. तिचा आवाज अगदी सपाट होता. सहा वर्षं गेली, नोकरी गेली, आणि ज्या यंत्रावर पुन्हा काही करता आलं असतं ते संध्याकाळी बंद होणार होतं. हे तिला गणित करतानाही ठाऊक होतं.

टॉलेफसन परतला. आलेखाचा कागद फडफडल्याचा आवाज झाला. मग म्हणाला, “केक उचला तो.”

“केकनं कुणाचं काय घोडं मारलंय?” ऑर्व्हिल म्हणाला. संध्याकाळी झोत थांबल्यावर तो हॉलमध्ये आला तेव्हा त्याच्या मिशीला साखर लागलेली होती.

ऑगस्टच्या परिषदेत टॉलेफसननं छाती काढून सांगितलं म्हणे, “आम्ही खबरदारी म्हणून ताजी रिकामी लावून पाहिली आणि एका मोठ्या चुकीतून वाचलो.” आम्ही! हा आम्ही तेव्हा माशाचे काटे काढत होता. लोकांनी त्याच्या सचोटीचं कौतुक केलं. मार्लिसला दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन दोन वर्षं पुन्हा घालवावी लागली. तिच्या प्रबंधात कुठलंही टेकाड नाही, म्हणून तो कुणी वाचत नाही.

पुढे आम्हांला अडगळीत टाकलं. भरली पुन्हा पुन्हा गोठून आणि तापून तडकली होती, तिला कचऱ्यात फेकलं. मी कधी गोठलेच नव्हते, त्यामुळे धडधाकट राहिले. विद्यापीठाला दर्शनी भागात एखादी बाटली हवी होती. त्यांनी तडा नसलेली उचलली आणि खाली पाटी ठोकली. मेलेल्या बहिणीच्या नावानं मी इथे मिरवतेय.

गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई शाळेतली मुलं घेऊन आली. पाटी वाचून ती एवढी हसली की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. मग तिनं वाकून माझ्या मागच्या कडीजवळचा गोंदाचा फुगा पाहिला. ऑर्व्हिलच्या हातून फक्त माझ्याच अंगावर राहिलेला. मार्लिस होती.

वेणीवाल्या एका मुलीनं तिला विचारलं, “यात काय होतं?”

“काहीच नाही.”

“मग कपाटात कशाला ठेवलीय?”

“हिच्यामुळे माझी नोकरी गेली.”

मुलगी माझ्याकडे रागानं बघायला लागली. “मग तुम्हांला हिचा राग नाही आला?”

“आला ना! चांगला दोन वर्षं होता.”

“आणि मग?”

“राग होता तेव्हासुद्धा झोप मात्र लागायची,” मार्लिस म्हणाली. तिनं काचेवर बोट टेकवलं आणि मुलांना घेऊन पुढे गेली. पाटी बदला असं तिनं कुणालाही सांगितलं नाही. मीही तो नाद सोडलाय.

तर मित्रांनो, काच पुसायची नसेल तर नका पुसू. पाटीही राहू दे तशीच. पण कधीतरी तुमच्याही आलेखावर एखादं देखणं टेकाड उभं राहील. सगळे टाळ्या वाजवतील, केक येईल. तेव्हा एकदा रिकामी लावून बघा. आणि ती लागलेली असताना, एवढं माझं ऐका, जेवायला जाऊ नका.